रूळ रंगवा, पण चिठ्ठ्या टाकून

मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस
मा. महाव्यवस्थापक, पश्चिम रेल्वे, चर्चगेट
यांस,



घाटकोपरला संध्याकाळी मेट्रोतून उतरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. साकीनाक्याला तो फलाटावर आखलेल्या रेषेमागे उभा होता. आतले लोक उतरेपर्यंत थांबला, मग चढला. दार लागेपर्यंत गाडी हलली नाही. तोच माणूस जिना उतरून मध्य रेल्वेच्या फलाटावर येतो आणि पाच मिनिटांच्या आत, लोकल पुरती थांबायच्या आधी, धावत दाराचा दांडा पकडतो. चार स्टेशनं दारात लोंबकळतो. उतरल्यावर पुलावरची गर्दी बघतो आणि फलाटाच्या टोकाकडून खाली उतरून सरळ रूळ ओलांडतो.

वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली, तेव्हापासून हे रोज चालू आहे. माणूस तोच, आईबापांनी लावलेलं वळण तेच, शाळेतलं नागरिकशास्त्राचं पुस्तकही तेच. बदलते ती फक्त जागा. तरीही तुमच्या पत्रकांत आणि फलाटावरच्या घोषणांत दोष कुणाचा ते आधीच ठरलेलं असतं: प्रवासी बेशिस्त आहेत.

मी मुलुंडचा पासधारक. एका जुन्या प्रयोगाची आठवण द्यायला आणि त्यावरून एक मागणी मांडायला हे पत्र लिहितो आहे.

आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. अलीकडच्या वर्षांत मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरसाल अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात, त्यातली निम्म्याच्या आसपास रूळ ओलांडताना. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एकूण आकडा चार हजारांच्या घरात होता. तो उतरला याचं श्रेय भिंती, पूल आणि सरकते जिने बांधणाऱ्या तुमच्या माणसांना द्यायलाच हवं. पाट्या आणि घोषणा तर तेव्हाही होत्याच. आजही दिवसाला सरासरी सहा-सात माणसं जातात. ज्या शहरात एक पूल पडला की वर्षभर चर्चा चालते, तिथे हे सहा-सात आपण पचवले आहेत.

दुसऱ्याच्या वागण्यामागे आपण त्याचा स्वभाव शोधतो, त्याच्याभोवतीची परिस्थिती आपल्याला दिसत नाही. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या सवयीला मूलभूत चूक म्हटलं. मी रूळ ओलांडले तर पूल गच्च होता, मुलीला पाळणाघरातून घ्यायचं होतं. दुसऱ्याने ओलांडले तर त्याला जिवाची पर्वा नाही. चर्चगेटच्या किंवा सीएसएमटीच्या कचेरीतून पाहिलं तर सगळेच ‘दुसरे’ असतात, त्यामुळे तिथे ही चूक अधिक सोपी होते, एवढंच. २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून चर्चगेटला पहिली एसी लोकल निघाली. दारं लागल्यावर तिच्यात कुणी लोंबकळत नाही, कारण लोंबकळायला जागाच उरत नाही. त्या डब्यात बसलेला बोरिवलीकर एकाएकी सभ्य झाला, असा निष्कर्ष काही आपण काढत नाही.

दारांचा प्रश्न दारांनी सुटेल. रुळांचं तसं नाही, म्हणून तिथे जरा थांबू.

फलाटाच्या टोकाला, जिथे उतार संपून खडी लागते, तिथे सकाळी पावणेनऊला उभं राहून बघा. एक बाई येते. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. ती डावीकडे बघते, उजवीकडे बघते. लांबवर फास्ट येताना दिसते. ती फास्ट तिला दिसते, हे लक्षात ठेवा. गाडी बघून, अंदाज घेऊन, वेळ आहे असं ठरवून ती खडीवर उतरते. तिची चूक बेफिकिरीत नाही, अंदाजात आहे.

हा अंदाज का चुकतो ते घरबसल्या मोजता येतं. एक फूटपट्टी डोळ्यांपासून दोन फुटांवर आडवी धरा. लोकलचा डबा साधारण ३.६६ मीटर रुंद असतो. गाडी ४०० मीटरवर असताना तिची रुंदी त्या पट्टीवर साडेपाच मिलिमीटर भरते. २०० मीटरवर आली की ११ मिलिमीटर. वेग ताशी १०० किलोमीटर धरला तर एवढं अंतर कापायला तिला सात सेकंद लागतात, आणि त्या सात सेकंदांत डोळ्याला काय दिसतं, तर गाडी साडेपाच मिलिमीटरने मोठी झाली. पुढच्या जेमतेम साडेपाच सेकंदांत ती ५० मीटरवर येते आणि एकदम ४४ मिलिमीटर होते. ज्या वेळात निर्णय घ्यायचा त्या वेळात गाडी जवळजवळ उभी वाटते, आणि ती धावते आहे हे कळतं तेव्हा बाई चौथ्या रुळात असते. मुलुंडच्या बाजूला स्लो, फास्ट आणि लांब पल्ल्याच्या मिळून सहा मार्गिका आहेत. त्यातली एक गाडी दुसरीचा आवाज गिळते, ते वेगळंच.

यात आणखी एक भर आहे. हर्शेल लीबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांबद्दल लिहिताना दाखवून दिलं की एकाच वेगाने येणाऱ्या दोन वस्तूंपैकी मोठी वस्तू संथ भासते. घाटकोपरच्या एखाद्या गच्चीवरून हे कुणालाही पडताळता येईल. उतरायला आलेलं मोठं विमान तरंगत चाललंय असं वाटतं आणि लहान विमान सुसाट गेल्यासारखं. बारा डब्यांची गाडी रुळांवरची सगळ्यात मोठी वस्तू, म्हणून तीच सगळ्यात संथ वाटते.

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७४ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलेल्या लेखात माणसाच्या मनाच्या अशा शॉर्टकटांची मांडणी केली. कानेमन यांना २००२ मध्ये त्याच वाटेवरच्या कामाबद्दल अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले होते. अवघड प्रश्न समोर आला की मन गुपचूप त्याच्या जागी सोपा प्रश्न ठेवतं आणि त्याचंच उत्तर देऊन मोकळं होतं, असं कानेमन यांनी पुढे मांडलं. रुळाच्या कडेचा अवघड प्रश्न आहे, ‘गाडी किती सेकंदांत इथे पोचेल?’ मन उत्तर देतं ते ‘गाडी किती लांब दिसते?’ या प्रश्नाचं. हे मन आळशी किंवा अडाणी नाही. याच शॉर्टकटांच्या जोरावर आपण दादरच्या पुलावर कुणालाही न धडकता चालतो, भाजीवाल्याच्या एका नजरेत भाव ओळखतो. बहुतेक वेळा ते बरोबरच असतात, आणि खरी पंचाईत तीच आहे.

कारण रूळ ओलांडणाऱ्याला रोज एकच धडा मिळतो: काही होत नाही. वर्षानुवर्षं काही होत नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो, पण इथे पुढच्याला लागलेली ठेच मागच्याला दिसतच नाही. स्टेशन मास्तरांचा मेमो जातो, हमाल स्ट्रेचर घेऊन येतात, थोड्या वेळात गाड्या पूर्ववत होतात. फलाटावरच्यांना कळतं ते एवढंच की गाड्या दहा-पंधरा मिनिटं उशिरा धावत आहेत. संध्याकाळी त्याच जागी येणाऱ्या माणसाला सकाळी तिथे काय झालं याचा पत्ता नसतो.

आणि समोर नऊ-दोनची फास्ट उभी असते. ती चुकली तर लेट मार्क नक्की, आणि तीन लेट मार्कांना अर्धी रजा हा हिशेब अनेक कचेऱ्यांत आजही चालतो. रूळ ओलांडले तर? बहुधा काहीच नाही. कानेमन आणि ट्वर्स्की यांनीच १९७९ मध्ये दाखवलं होतं की नक्कीचं नुकसान आणि कदाचितचं मोठं नुकसान यांत निवड करायची वेळ आली की एरवी सावध असणारी माणसंही जुगार खेळतात. तीनवर येणारी गाडी ऐन वेळी पाचवर येत असल्याची घोषणा होते तेव्हा हा जुगार कुणी मांडलेला असतो, याचाही कधीतरी विचार व्हावा. रेल्वे कायद्यात रुळांवर घुसण्याला कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. ज्याला खडीवर उतरताना मरणाची भीती वाटत नाही, त्याला हजार रुपयांची वाटेल, अशी यामागे अपेक्षा आहे. मला ती थोडी गमतीची वाटते.

आता तो प्रयोग. २००९–१० मध्ये हार्बर मार्गावर वडाळ्याजवळ, मध्य रेल्वेच्या संमतीने, ‘फायनल माइल’ या मुंबईच्या सल्लागार संस्थेने तीन साध्या गोष्टी केल्या. बिजू डॉमिनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी माणसं तिथे रूळ कशी ओलांडतात ते नीट पाहिलं. मग काही अंतरापर्यंत रुळांखालचे स्लीपर पिवळे रंगवले. उद्देश असा की गाडी एकामागून एक पट्ट्या गिळत येताना दिसली की डोळ्याला वेगाचा अंदाज घ्यायला काहीतरी धरायला मिळावं. करड्या खडीवर करडे स्लीपर तेवढी मदत करत नाहीत. दुसरं, मोटरमननी एक लांब शिटी देण्याऐवजी दोन आखूड, तुटक शिट्या द्यायच्या, कारण मधल्या शांततेनंतर येणारा आवाज कान जास्त पकडतो. तिसरं, काठीसारख्या माणसाचं चित्र असलेल्या पाटीच्या जागी खऱ्या नटाचे फोटो लावले: गाडी अंगावर येताना त्याचा चेहरा कसा होतो ते दाखवणारे, अगदी जवळून घेतलेले.

रंग, शिटी आणि फोटो. त्या बाईला कुणी उपदेश केला नाही, तिच्या डोळ्यांना आणि कानांना जे मिळत नव्हतं ते दिलं. आधीच्या सहा महिन्यांत तिथे २३ माणसं मेली होती, नंतरच्या सहा महिन्यांत ९, असे आकडे तेव्हा छापून आले.

याच्या शेजारी पश्चिम रेल्वेचा नोव्हेंबर २०१९ मधला उपक्रम ठेवून पाहा. अंधेरी आणि मालाडला रूळ ओलांडणाऱ्यांना उचलून फलाटावर आणणारा यमराज उभा केला होता. मुकुट, गदा, सगळा थाट. बातमी छान झाली, फोटो देशभर फिरले. पण आपल्याकडे यम आणि त्याचा रेडा म्हटलं की वगनाट्यातला विनोदी प्रसंग आठवतो. त्याला बघून हसू येतं, मोबाइल बाहेर निघतो. वडाळ्याच्या फोटोतल्या माणसाचा चेहरा तुमच्या-माझ्यासारखा होता, आणि तो घाबरलेला होता. हेतू दोन्हीकडे चांगलाच होता. फरक एवढाच की एकीकडे आधी माणसाचं वागणं पाहिलं गेलं आणि दुसरीकडे आधी कल्पना सुचली.

तरीही २३ वरून ९ या आकड्याला मी लगेच नमस्कार करणार नाही. माणसाच्या मनाचा आणखी एक शॉर्टकट इथेच दबा धरून आहे. आपण प्रयोगासाठी जागा निवडतो ती सर्वांत वाईट. सर्वांत वाईट सहा महिन्यांनंतरचे सहा महिने, काहीही न करता, बहुतेक वेळा थोडे बरे जातातच. शिवाय जागा एकच होती, काळ थोडा होता, आणि प्रयोग सुरू असताना तिथे लोकांचा राबता आणि डोळे वाढले असणार. पट्ट्यांनी जीव वाचवले असतील, मला तर तसंच वाटतं. पण वाटणं आणि ठरणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढणं तुम्हालाच शक्य आहे.

त्याआधी एक नावडती गोष्ट. हे शॉर्टकट फक्त फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यात नसतात. जे सहज आठवतं तेच मोठं वाटतं, हा नियम रेल्वे बोर्डालाही लागू आहे, मंत्र्यांना आहे, वर्तमानपत्रांना तर आहेच आहे. ११ जुलै २००६ ला पश्चिम मार्गावर ११ मिनिटांत सात स्फोट झाले, बोरिवलीचा त्यातलाच एक. सुमारे १८९ माणसं गेली. स्टेशनांच्या दारांत धातुशोधक कमानी आल्या, पोलीस आले. ते योग्यच होतं. पण त्या काळात तेवढी माणसं रुळांवर आणि डब्यांतून पडून महिन्याभराच्या आतच मरत होती. एकेकटी, वेगवेगळ्या स्टेशनांजवळ, त्यामुळे त्यांची कमान कुठे उभी राहिली नाही.

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एका विद्यार्थिनीने लोकल आणि फलाट यांच्यातल्या फटीत पडून दोन्ही हात गमावले, तेव्हा फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला वेग आला. ती फट त्या दिवशी पडलेली नव्हती. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, मग लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा राहिला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून जाताना दारातली माणसं घासून खाली पडली, आणि साध्या लोकलनाही बंद होणारी दारं बसवण्याची घोषणा झाली. प्रत्येक वेळी उपाय बरोबर होता. प्रत्येक वेळी तो एका दिवसाच्या, एका जागच्या, फोटो निघण्याजोग्या मरणाची वाट पाहत होता. रूळ ओलांडताना मरणाऱ्यांना अशी तारीखच मिळत नाही.

कुणी म्हणेल, रंगरंगोटी कशाला, पूल बांधा. बांधाच. विक्रोळीचा उड्डाणपूल जून २०२५ मध्ये खुला व्हायला किती वर्षं गेली ते या पट्ट्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तोवर पूर्वेकडचा माणूस पश्चिमेला कसा जात होता, तेही माहीत आहे. पुलाची निविदा निघून पूल उभा राहीपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांसाठी मी रंगाबद्दल बोलतो आहे. उद्या तुमच्या एखाद्या पत्रकात ‘पट्ट्या रंगवल्यामुळे पुलाची निकड उरली नाही’ असं वाचायला मिळालं, तर हे पत्र मी मागे घेतलं असं समजा.

माझी मागणी अशी. कुर्ला ते मुलुंड आणि अंधेरी ते बोरिवली या दोन टप्प्यांत, जिथे रूळ ओलांडताना सर्वाधिक मृत्यू होतात अशा चाळीस जागा काढा. त्या शोधायला नवी समिती नको; किती किलोमीटरवर, कितव्या खांबाजवळ माणूस सापडला हे मेमोत लिहिलेलं असतं आणि लोहमार्ग पोलिसांच्या दप्तरी असतं. मग जाहीरपणे, पत्रकारांसमोर, चिठ्ठ्या टाका. वीस जागांवर वडाळ्यासारखे पट्टे, फलक आणि तुटक शिट्या. उरलेल्या वीस जागा आहेत तशा. चिठ्ठ्या अशासाठी की कुठला उपाय कुठे करायचा हे कुणाच्या आवडीवर, नगरसेवकाच्या पत्रावर किंवा गेल्या आठवड्यातल्या बातमीवर ठरू नये. सहा महिने पुरे नाहीत, दोन पावसाळे जाऊ द्या. पावसात पट्ट्या चिखलाने माखतात आणि शिटी छत्रीखाली वेगळी ऐकू येते, हेही कळायला हवं. पट्टे पुन्हा रंगवण्याचं काम एका नेमलेल्या अभियंत्याच्या नावावर टाका, नाहीतर स्लीपर बदलले की रंगही जातो आणि प्रयोगही.

एक छोटी गोष्ट आजपासूनच करता येईल. रूळ ओलांडणारे अमुक हजार लोक पकडले, अशी पत्रकं देणं थांबवा. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात रॉबर्ट चियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी पाहिलं होतं की ‘इथून अनेक लोक अश्मीभूत लाकूड चोरून नेतात’ अशा आशयाची पाटी लावली की चोरी वाढते. सगळेच नेतात तर मीही नेतो, असा त्या पाटीचा अर्थ लोक लावतात. तुमचे हजारांचे आकडे हेच सांगतात की रूळ सगळेच ओलांडतात. त्याऐवजी त्याच स्टेशनातले बहुसंख्य लोक रोज पूल चढतात, हे सांगा. ते खरंही आहे.

चाळीस जागांवरच्या मृत्यूंचे आकडे दर महिन्याला त्या-त्या स्टेशनाच्या पुलाच्या पायथ्याशी लावा: या महिन्यात इथे किती, मागच्या महिन्यात किती. जिना चढायचा की टोकाकडे वळायचं हे माणूस तिथेच ठरवतो. दोन पावसाळ्यांनंतर निकाल काहीही निघो, तो जाहीर करा. पट्ट्यांनी फरक पडतो असं दिसलं तर उरलेल्या वीस जागा रंगवा आणि पुढे कर्जत, कसारा, डहाणूपर्यंत जा. फरक पडत नाही असं दिसलं तर तेही तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा, आणि रंगाचे पैसे जिन्यांना लावा.

कळावे,
आपला,
मुलुंडचा एक पासधारक